शून्यांचा तक्ता

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एक जुनं जर्नल आहे. ते कोणाचं होतं हे कोणालाच माहीत नाही, कारण पहिलं पान फाटलेलं आहे. कपाटाच्या खालच्या खणात, गळक्या बॅटऱ्यांच्या शेजारी ते पडलेलं असतं. त्याची पानं तेलकट झाली आहेत. एका पानावर चटणीचा डाग सुकून तपकिरी झाला आहे, आणि लेन्सच्या प्रयोगाच्या दोन पानांमध्ये कुणाचा तरी लांब केस कित्येक वर्षं तसाच चिकटून आहे. हात लावला की बोटांना चिकट काहीतरी लागतं आणि ते साबणाने धुतलं तरी वास जात नाही.

पहिल्या वर्षापासून आम्ही सगळे त्याच जर्नलमधून रीडिंग उतरवत आलो. मीही. प्रयोग पंधरा मिनिटं करून बघायचा, उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही की कपाट उघडायचं. मुलं म्हणायची, "रीडिंग येत नसेल तर आणायचं." मी तो केस बाजूला न करता, त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे वाचून लिहून घ्यायचे. तेव्हा मला त्या केसाची किळस यायची, आकड्यांची नाही. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा भिवंडीत कामतघरला एका कारखान्यात कापड तपासतात. लूमवरून उतरलेला ताका टेबलावर घ्यायचा, उजेडासमोरून ओढत न्यायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय ते बघायचं आणि त्या जागी किनारीला लाल धागा बांधायचा. खोट कापून टाकायची नाही, लपवायचीही नाही. फक्त धागा बांधायचा, म्हणजे घेणाऱ्याच्या बोटाला तो लागतो. तेवीस वर्षं ते हेच करतात. त्यांना माझा विषय सांगता येत नाही. कोणी विचारलं की म्हणतात, "प्रकाशाचं काय तरी शिकते."

ते चुकीचं नाही. तिसऱ्या वर्षी आम्हाला सापेक्षता शिकवली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण कॉलेजात उगाच आलेलो नाही. सरांनी म्यूऑनबद्दल सांगितलं होतं. आकाशात खूप उंचावर हे कण तयार होतात आणि सेकंदाच्या लाखाव्या भागाच्याही आत मोडतात. त्या हिशोबाने ते अर्धा-पाऊण किलोमीटर येऊन संपायला हवेत. पण ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण इतक्या वेगाने जाणाऱ्याचा वेळ आपल्या वेळेपेक्षा हळू चालतो. "आत्ता तुमच्या तळहातातून जातायत," सर म्हणाले होते. मी बाकाखाली तळहात उघडून धरला होता. कुणी बघितलं नाही ना, असंही बघितलं होतं.

म्हणून प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी त्या सिद्धांताच्या आधीचा, आरशांचा प्रयोग मागितला. प्रकाशाचा एक किरण अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आरशाने दोन दिशांना फोडायचा, दोन्ही भाग परत आणून एकत्र करायचे, की पडद्यावर काळ्या-लाल पट्ट्या दिसतात. पूर्वी लोकांना वाटायचं की प्रकाश एका अदृश्य माध्यमातून जातो आणि पृथ्वी त्यातून धावते. तसं असेल तर सगळं यंत्र गोल फिरवलं की पट्ट्या सरकायला हव्यात. त्या सरकल्या नाहीत. जे शोधायला गेले ते मिळालं नाही, आणि न मिळणं हाच पुरावा ठरला. मला हे फार आवडलं होतं.

यात माझं एक काम अडकलेलं होतं. एका मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्यात सहा आठवडे विद्यार्थ्यांना घेतात. खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं. फॉर्मसोबत आपल्या सरांचं शिफारसपत्र लागतं. सर म्हणाले होते, "प्रोजेक्ट नीट जमा कर, पत्र देतो." मला तिथे जायचं होतं. इतकं दुसरं काही हवं असल्याचं मला आठवत नाही.

माझ्यासोबत प्रोजेक्टला वर्गातली एक मैत्रीण होती, अंजूरफाट्याकडून येणारी, बोलायला धीट. यंत्र फिरवायला आम्हाला गोल फिरणारं टेबल हवं होतं. बाबांनी कारखान्यातून एक जुनं बेअरिंग आणून दिलं. त्यावर स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा बसवला आणि खाली हादरे खायला रिक्षाची ट्यूब हवा भरून ठेवली. मैत्रीण म्हणाली, "पूरा भिवंडीचा माल आहे हा." आम्ही खूप हसलो. तो एकच दिवस मला त्या प्रोजेक्टमध्ये स्वच्छ आठवतो.

कारण लेझर लावल्यावर पट्ट्या दिसल्या, पण त्या थांबेनात. आमच्या लॅबच्या मागच्या भिंतीला लागून लूमचे कारखाने आहेत. खटखट आम्हाला ऐकूही येत नाही, इतकी सवय झालेली. पण पट्ट्यांना ती ऐकू येत होती. पडद्यावर नुसता लाल लगदा थरथरत होता. आम्ही ट्यूबमधली हवा कमी केली, वाळूच्या पिशव्या ठेवल्या, कडप्प्याखाली गोणपाट घातलं. तीन आठवडे गेले. एकही रीडिंग नाही.

सरांकडे गेलो. ते एका हाताने पेपर तपासत होते. तोंडात तंबाखू होती, म्हणून हनुवटी वर करून बोलले.

"काय प्रॉब्लेम?"

"सर, पट्ट्या हलतायत. मोजता येत नाहीत."

"उत्तर काय यायचंय?"

"शून्य, सर."

"मग?" त्यांनी खिडकीतून खाली पिंक टाकली आणि रुमालाने ओठ पुसला. "शून्यच यायचंय तर अडलंय कुठे? जगात सगळ्यांना शून्य आलंय. तुम्हाला काय वेगळं येणार? टेबल बनवा, गुरुवारी फाईल आणा."

मला काहीतरी बोलायचं होतं. रुमालावरच्या तपकिरी डागाकडे बघत मी "हो सर" म्हणाले.

बुधवारी कॅन्टीनमध्ये आम्ही तक्ता लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून पेन माझ्या हातात होतं. सोळा दिशा, प्रत्येकी पाच वेळा. मैत्रीण समोसा खात आकडे सांगत होती.

"शून्य. शून्य. शून्य. ए, सगळं शून्य नको, फेक वाटेल. थोडं मीठ टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठेतरी पॉइंट झीरो वन. मग मायनस पॉइंट झीरो वन. चवीपुरतं गं!"

मी चवीपुरतं मीठ टाकलं. पाऊण तासात तक्ता भरला. सिद्धांताची पानं तिने नेटवरून घेतली होती आणि शेवटी निष्कर्ष लिहिला होता की आमच्या प्रयोगाने विशेष सापेक्षतेचा पाया सिद्ध होतो. मी खाली सही केली.

आकृत्या काढायच्या होत्या म्हणून फाईल घरी नेली. संध्याकाळी बाबा कामावरून आले, चहा घेऊन माझ्या शेजारी बसले. त्यांना माझ्या वह्या बघायला आवडतात. अक्षरं इंग्रजी असली तरी आकडे कळतात. ते तक्त्यावरून बोट खाली नेत गेले. मग परत वर गेले.

"बाय, ह्ये कोनी केलं?"

"मी."

"मोजलंस?"

"हो."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "न्हाय. ह्ये बसून बांधलेलं हाय."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. काही तपासणारे ताका उघडतच नाहीत. बसल्या जागी किनारीला अंदाजाने चार लाल धागे बांधतात, म्हणजे मालकाला वाटावं की तपासलंय. "पन ते सारक्या अंतरावर येतात. खोट कवाच सारक्या अंतरावर येत न्हाय. मानूस बांधतो तवा येते. हात आपोआप मोजतो."

त्यांनी बोटाने दाखवलं. प्रत्येक चौथ्या ओळीला माझं मीठ होतं. चौथी, आठवी, बारावी, सोळावी. पाचही रकान्यांत. मी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या हातानेच मोजलं होतं.

"न्हाय बाबा," मी म्हणाले. "यंत्रच तसं आहे. खरंच मोजलंय."

त्यांनी तक्त्यावरून बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "मना काय कलतंय त्यातलं," आणि कप घेऊन आत गेले. मी फाईल मिटून ठेवली. खोटा तक्ता लिहिताना काही वाटलं नव्हतं. पण तेवीस वर्षं उजेडासमोर कापड धरणाऱ्या माणसाला मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की त्याला दिसलं ते त्याला कळत नाही. आणि तरीही गुरुवारी मी फाईल जमा केली. सरांनी न उघडता सही केली. हेही लिहिलं पाहिजे.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. तीन आठवडे पट्ट्यांशी झगडताना दोघींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं, कारण शुक्रवारी दुपारी लॅब नसते आणि ज्या दिवशी लॅब नसते त्या दिवशी कोणी रीडिंग घेत नाही. त्या शुक्रवारी मी दुपारी लॅबच्या शिपाईमामांकडे गेले. ते डबा खात होते.

"मामा, लॅब उघडता का?"

"फाईल तो जमा झाली ना कल?"

"झाली. एकदा बघायचंय."

"जमा झाल्यावर बघते? पहिली अशी पाहिली मी." पण उठले. खरकट्या हाताने किल्ली फिरवली, कुलूपही खरकटं झालं.

लेझर लावला. पडद्यावर पट्ट्या आल्या आणि उभ्या राहिल्या. काळी, लाल, काळी, लाल. मी जवळ गेले तर माझ्या अंगाच्या उष्णतेने किंचित सरकल्या आणि मागे आले तर परत आल्या. इतकं स्वच्छ मी त्या इमारतीत काहीच पाहिलं नव्हतं. पडद्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि कडप्पा एका बोटाने हळू फिरवायला लागले.

पट्ट्या सरकल्या. पाव वर्तुळात अडीच पट्ट्या. अर्ध्यात चार. पूर्ण फिरवून मूळ जागी आणलं तर सव्वा पट्टी पुढेच राहिली. परत फिरवलं तर आकडे वेगळे. पण नीट बघितल्यावर कारण दिसलं. बेअरिंग एका बाजूला झुकत होतं, कडप्पा नकळत वाकत होता आणि एक आरसा त्याच्या स्क्रूवर ढिला होता. मी सगळं लिहून घेतलं, आकड्याला आकडा जुळत नसलेलं. दोन तास.

मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. नेटवरून घेतलेल्या सिद्धांताच्या पानावर अपेक्षित सरकण्याचा आकडा होता, पण तो त्या मूळ मोठ्या प्रयोगाचा होता. तिथे दगड पाऱ्यावर तरंगत होता आणि किरण आरशांमधून पुन्हा पुन्हा फिरवून त्याची वाट अकरा मीटर केली होती. आमच्या यंत्राची भुजा पंधरा सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नाही. तो काढायच्या सूत्रात आमची लांबी आम्ही कधी घातलीच नव्हती. आता घातली. ते माध्यम खरंच असतं, तरी आमची पट्टी फार तर स्वतःच्या दोनशेव्या भागाएवढी सरकली असती. ते डोळ्यांना दिसणं शक्य नाही. म्हणजे आम्ही प्रामाणिकपणे मोजून शून्य आणलं असतं तरी त्याने काहीच सिद्ध झालं नसतं.

मी कडप्प्यावर हात टेकून उभी राहिले. न घेतलेल्या मापनाचे आकडे, जे घेतलं असतं तरी काही सांगू शकलं नसतं, आणि त्याखाली 'सिद्ध होतं' असं लिहून माझी सही. सिद्धांताला आमची गरजच नव्हती. तळहातातून जाणारे म्यूऑन भिवंडीच्या फाईलसाठी थांबले नव्हते. खऱ्या गोष्टीच्या बाजूने मी खोटी साक्ष दिली होती, आणि खऱ्याच्या बाजूने होती म्हणून ती कोणाला खोटी वाटत नव्हती.

सोमवारी सरांना कागद दाखवला. त्यांनी वरून खाली बघितलं.

"अडीच पट्ट्या? हे लावलं तर एक्स्टर्नल म्हणेल, पोरीने भिवंडीत बसून सापेक्षता खोटी पाडली!"

"नाही सर, यंत्र सरळ नाही आणि लहान आहे. निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच लिहायचं."

"निष्कर्ष काढता येत नाही, हा कुठे निष्कर्ष असतो?" कागद त्यांनी परत दिला. "फाईलवर माझी सही झालीय. पत्र हवंय ना? मग डोकं लावू नको."

मैत्रीण बाहेर थांबली होती. "तुझ्या एकटीचे मार्क आहेत का ते?" ती म्हणाली. "माझे बी आहेत. तुला सच्चाई करायचीय तर स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कर ना." तिचं चूक नव्हतं. तिलाही मी विचारलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसाठी काजू कतली, समोसे आणि चटणी आणलेली होती. लॅबमध्ये रिकामी सपाट जागा नव्हती, म्हणून मामांनी आमचे आरसे आणि लेझर उचलून खिडकीत ठेवले आणि बशा रिकाम्या कडप्प्यावर मांडल्या. परीक्षकांना कडप्पा फिरतो हे लगेच कळलं. बोटाने फिरवून ते चटणी आपल्याकडे आणत होते.

"छान सोय केलीय," ते म्हणाले. आमचे सर हसले. त्या दिवशी तो कडप्पा तेवढ्यासाठीच फिरला.

त्यांनी फाईल उघडली. "शून्य. व्हेरी गुड. म्हणजे सिद्ध झालं."

"येस सर," मैत्रीण म्हणाली.

"नाही सर," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "सिद्ध नाही झालं. हे आकडे मोजलेले नाहीत. मीच लिहिलेत. मोजलेले हे आहेत." आणि शुक्रवारचा कागद पुढे केला.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला, तिची नखं लागली. परीक्षकांनी कागद घेतला. त्यांच्या अंगठ्याचं तेल कोपऱ्यावर उमटलं आणि मागपर्यंत पसरलं. थोडा वेळ त्यांनी खरंच वाचला, असं मला वाटलं.

"घाबरलीय पोरगी," ते सरांना म्हणाले. मग मला, "बेटा, हे जोडू नकोस. फाईल चांगली आहे. गोंधळ वाढवू नये." कागद परत दिला, बोटाने कडप्पा फिरवला आणि पुढच्या गटाला बोलावलं.

आम्हा दोघींना पूर्ण मार्क मिळाले.

मला वाटलं होतं सर पत्र देणार नाहीत. त्यांनी दिलं. कदाचित आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की या विद्यार्थिनीने विशेष सापेक्षतेच्या पायाभूत प्रयोगाचं अत्यंत अचूक मापन केलं आहे. ते पाकीट घेऊन मी घरी आले आणि बाबांना मराठीत वाचून दाखवलं. मग बुधवारचं, कॅन्टीनचं, मिठाचं, सगळं सांगितलं.

"मंग ह्ये पत्र पन बसूनच बांधलंय," ते म्हणाले.

"हो."

"धाडनार हायस?"

मी सरांकडे परत गेले, ती एक ओळ काढून द्या म्हणाले. सर म्हणाले, "ती काढली तर मग लिहू काय?" मी पत्राशिवाय फॉर्म पाठवला, मापनाच्या रकान्यात शुक्रवारचं सगळं लिहून. पत्र नाही म्हणून फॉर्म अपूर्ण, असं उत्तर आलं. उन्हाळा मी घरीच काढला. मी फार मोठं काही केलं असं मला वाटलं नाही. अजूनही पत्राचा विचार आला की पाठवून द्यायचं होतं असं दिवसातून एकदा तरी वाटतं, आणि मग त्या वाटण्याची शिसारी येते.

निकालाचा दाखला घ्यायला कॉलेजात गेले तेव्हा लॅबमध्ये डोकावले. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली कपाटासमोर उकिडव्या बसून मोबाईलने फोटो काढत होत्या. ते जुनं जर्नल नव्हतं. आमची फाईल होती. माझ्या चांगल्या अक्षरातला तक्ता. पानावर आताच चहाचं गोल वर्तुळ उठलेलं होतं.

"ताई, ही तुमची ना?" एकीने विचारलं. "मस्त आहे. पण बाराव्या ओळीला पॉइंट झीरो वन का आलंय?"

"चवीपुरतं," मी म्हणाले.

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. मी तिला सगळं सांगितलं, तिथेच, फरशीवर बसून. दोघी ऐकत होत्या. फोटो मात्र कुणी डिलीट केला नाही, तेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या पिशवीतून लाल धाग्याची गुंडी घेतली. फाईल काढून, सुईने तक्त्याच्या प्रत्येक ओळीच्या कडेला धागा ओवला आणि गाठ मारली. सोळा धागे. शेवटी शुक्रवारचा कागद, तेलाच्या अंगठ्यासकट, टाके घालून जोडला. मामा दारात उभे राहून बघत होते.

"ये क्या शिवते?"

"खोट आहे, मामा."

"तो फाड ना."

"फाडायची नसते," मी म्हणाले.

फाईल आता नीट मिटत नाही. धागे बाहेर आलेत, हात घातला की बोटाला लागतात. कुणाला नको वाटले तर ते कात्रीने कापून टाकू शकतात, आणि बहुतेक कापतीलही. मी ती खालच्या खणात, त्या तेलकट जर्नलच्या वर ठेवली, आणि हात धुवायला नळाकडे गेले.